संदर्भ द्रावण (जलपरीक्षण)

संदर्भ द्रावण म्हणजे ज्यातील विशिष्ट घटकाचे प्रमाण आधीपासून ज्ञात आहे असे द्रावण होय. मत्स्यालयातील किंवा विहिरीच्या पाण्याची तपासणी करणारे रंगाधारित संच व विद्युत मापके यांची अचूकता पडताळण्यासाठी ते वापरले जाते. संदर्भ द्रावणाचे ज्ञात मूल्य जो संच दाखवत नाही, त्याने नमुन्याच्या पाण्याविषयी दिलेला आकडाही विश्वसनीय ठरत नाही. काही संदर्भ द्रावणे सहज उपलब्ध क्षारांपासून घरी तयार करता येतात.

आवश्यकता

संचातील अभिकारके कालांतराने व उष्णतेने खराब होतात. काही नायट्रेट संचांतील एका कुपीत जस्ताची भुकटी तळाशी बसते. कुपी जोराने हलवली नाही, तर प्रत्यक्षापेक्षा कमी नायट्रेट दिसते. अशा चुकीच्या आकड्यावर विसंबून पाणी न बदलल्यास माशांना अपाय होऊ शकतो.

वऱ्हाडातील संदर्भ

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाण पट्टा पसरलेला आहे. तेथील भूजलात सोडियम, क्लोराइड आदी क्षारांचे प्रमाण अधिक असते. याउलट अकोला शहराला काटेपूर्णा धरणातून, तर अमरावती शहराला ऊर्ध्व वर्धा धरणातून पाणी मिळते. त्यामुळे एकाच जिल्ह्यातील नळाचे व विहिरीचे पाणी गुणधर्मांनी अगदी भिन्न असू शकते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनअंतर्गत गावपातळीवरही क्षेत्रीय तपासणी संच वापरले जातात. पडताळणीचे तत्त्व त्यांनाही लागू पडते.

साठा द्रावणे

खालील वजनाचा क्षार थोड्या ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून एकूण आकारमान १ लिटर केल्यास १००० मिलिग्रॅम प्रतिलिटर तीव्रतेचे साठा द्रावण मिळते.

• नायट्रेट : पोटॅशियम नायट्रेट (सोरा) १.६३ ग्रॅम
• क्लोराइड : मीठ १.६५ ग्रॅम
• अमोनिया : अमोनियम क्लोराइड (नवसागर) ३.१४ ग्रॅम
• आम्लारिता (कॅल्शियम कार्बोनेटच्या स्वरूपात) : खाण्याचा सोडा १.६८ ग्रॅम
• एकूण कठीणपणा (कॅल्शियम कार्बोनेटच्या स्वरूपात) : मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट २.४६ ग्रॅम

कृषी सेवा केंद्रांत मिळणारे १३:००:४५ हे विद्राव्य खत मुख्यतः पोटॅशियम नायट्रेटच असते. शुद्ध क्षारात १३.८५ टक्के नत्र असते, तर खतात १३ टक्क्यांची हमी असते. त्यामुळे खतापासून केलेले द्रावण सुमारे ६ टक्क्यांपर्यंत कमी तीव्रतेचे असू शकते. रंगपट्टीवरील वाचनासाठी ही तफावत सहसा नगण्य असते.

वजनासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतो. केवळ १ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा असल्यास दहापट क्षार घेऊन दहापट तीव्र साठा करावा. त्यामुळे वजनातील सापेक्ष त्रुटी घटते. आरओ यंत्राच्या पाण्यात काही क्षार शिल्लक राहतात, म्हणून ते ऊर्ध्वपातित पाण्याला पर्याय ठरत नाही.

पडताळणी

२० मिलिलिटर नायट्रेट साठा सुईविरहित सिरिंजने मोजून १ लिटरपर्यंत विरल केल्यास २० मिलिग्रॅम प्रतिलिटरचे संदर्भ द्रावण मिळते. नुसते ऊर्ध्वपातित पाणी आणि किमान दोन भिन्न तीव्रतांची द्रावणे तपासावीत. काही संच नायट्रेटऐवजी नायट्रेटरूपी नत्र दर्शवतात. त्या आकड्यास ४.४३ ने गुणल्यास नायट्रेटचे मूल्य मिळते.

खारपाण पट्ट्यातील पाण्यासाठी एवढी पडताळणी पुरेशी नसते, कारण नमुन्यातील इतर क्षार रंगाच्या अभिक्रियेत अडथळा आणू शकतात. अशा वेळी ९९० मिलिलिटर नमुन्यात १० मिलिलिटर नायट्रेट साठा मिसळून पुन्हा तपासणी करतात. वाचन सुमारे १० मिलिग्रॅम प्रतिलिटरने वाढले, तर संच त्या पाण्यातही योग्य काम करतो असे समजतात.

मापके

प्रतिलिटर १ ग्रॅम मिठाच्या द्रावणात ०.५ गुणकाचा टीडीएस मापक सुमारे १०००, तर ०.७ गुणकाचा सुमारे १४०० दाखवतो. हा फरक बिघाड नसून परिमाणपद्धतीचा आहे. सामू मापकासाठी प्रतिलिटर ३.८१ ग्रॅम टाकणखाराचे द्रावण वापरता येते. त्याचा सामू २५ अंश सेल्सिअसला ९.१८, तर ३५ अंशांना सुमारे ९.१० असतो. वऱ्हाडातील कडक उन्हाळ्यात ही तापमानदुरुस्ती दुर्लक्षिता येत नाही.

मर्यादा व सुरक्षितता

विरल द्रावणे त्याच दिवशी वापरावीत. साठ्याच्या बाटलीवर क्षाराचे नाव, तीव्रता व दिनांक लिहावा. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ते ठेवू नये व मुलांपासून दूर ठेवावे. पेयजलात नायट्रेटची कमाल मर्यादा आयएस १०५००:२०१२ या भारतीय मानकानुसार ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. घरगुती पडताळणीने संचाची विश्वासार्हता कळते. पाणी पिण्यायोग्य आहे की नाही, याचा निर्णय मात्र प्रयोगशाळेतील तपासणीवरूनच घ्यावा लागतो.