पणजी, मुंबई की लिस्बन?

दरवर्षी जून महिना उजाडला, की आमच्या धर्मग्रामगृहाच्या ओट्यावर पालकांची वर्दळ सुरू होते. कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणाला वर्तनाचे प्रमाणपत्र. कागदावर सही-शिक्का झाला, तरी काही जण खुर्चीवरून उठत नाहीत. मग हळूच खरा प्रश्न बाहेर पडतो: "फादर, पोराला जवळच ठेवावं, की लांब पाठवावं?"

अलीकडे एका मुलीला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक मुंबईत, सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल असा; दुसरा हैदराबादला. वडिलांचे मत मुंबईकडे झुकलेले, आई गप्प, मुलगी आमच्या तोंडाकडे पाहत बसलेली. आम्ही दोन दिवसांची मुदत मागितली. सल्ला देण्यात आम्ही कधी कंजुषी करीत नाही. परंतु या विशिष्ट प्रश्नावर आमची जीभ अडखळते. त्याचे कारण या लेखाच्या शेवटी सांगू. त्या दोन दिवसांत आम्ही इतिहासाची काही पुस्तके पुन्हा चाळली. आमच्या समाजाच्या पूर्वजांपुढे आणि शेजाऱ्यांपुढे हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी उभा होता, हे तेव्हा नव्याने ध्यानात आले. वाचकांपुढे तोच इतिहास ठेवीत आहोत.

सन १८४२ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने पणजीला एक वैद्यकीय विद्यालय स्थापन केले. एस्कोला मेडिको-सिरुर्जिका हे त्याचे नाव. आशिया खंडातील पाश्चात्त्य वैद्यकाच्या जुन्या शिक्षणसंस्थांत त्याची गणना होते. तीनच वर्षांनी, १८४५ मध्ये, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. ज्यांनी त्याचा पुरस्कार केला, ते गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ मध्येच निवर्तले होते. त्यांचे नाव कॉलेजला लाभले आणि शेजारच्या रुग्णालयाला दानशूर सर जमशेटजी जिजीभाई यांचे. अशा रीतीने बारदेश किंवा साष्टी तालुक्यातील एखाद्या हुशार मुलाच्या बापापुढे अकस्मात दोन वाटा आल्या. मांडवीच्या काठचे विद्यालय घराजवळ, ओळखीच्या भाषेत शिकविणारे. मुंबईचे कॉलेज परक्या राज्यात, इंग्रजीत शिकविणारे. तिसरी वाट होतीच, पण ती श्रीमंतांची: समुद्रापलीकडचे लिस्बन, पोर्तो किंवा कोइंब्रा.

जवळची वाट स्वस्त होती, हे उघड आहे. १८५४ पासून पणजीला लिसेव होते. तेथे पोर्तुगीजमधून शिकलेला मुलगा सरळ वैद्यकीय विद्यालयाच्या बाकावर जाऊन बसू शके. रविवारी तो घरच्या मिस्सेला असे, सणाला घरच्या पानावर असे. परंतु या पदवीला एक कुंपण होते. पणजीहून उत्तीर्ण झालेल्या डॉक्टरास खुद्द पोर्तुगालमध्ये पूर्ण हक्काने वैद्यकी करावयाची असल्यास तेथील विद्यालयात पुन्हा परीक्षा देणे भाग पडे. परिणामी या विद्यालयाचे अनेक पदवीधर पोर्तुगीज साम्राज्याच्या आरोग्य खात्यात आफ्रिकेला गेले. मोझांबिक, अंगोला, गिनी येथील रुग्णालयांत त्यांनी हाडे झिजविली, आणि बहुधा युरोपीय वैद्यांच्या हाताखालची जागा त्यांच्या वाट्यास आली. घराजवळ शिकावयाचे आणि चाकरीसाठी घरापासून हजारो मैल दूर जावयाचे, असा हा विचित्र योग होता. जवळचे विद्यापीठ मुलाला जवळच ठेवील, ही बापाची आशा येथे अनेकदा खोटी ठरली.

म्हणून पणजीच्या विद्यालयास कमी लेखावे काय? मुळीच नाही. साष्टीतील नावेली गावी १८२९ साली जन्मलेले फ्रांसिस्कु लुईश गोमिश हे याच विद्यालयाचे विद्यार्थी. गोव्यात वैद्यक शिकलेला हा तरुण १८६० मध्ये पोर्तुगालच्या संसदेवर निवडून गेला. लिस्बनच्या सभागृहात त्याने आपल्या लोकांची बाजू मांडली, अर्थशास्त्रावर फ्रेंच भाषेत ग्रंथ लिहिला, आणि १८६६ मध्ये 'ओस ब्राह्मनेस' ही कादंबरी प्रसिद्ध केली. १८६९ मध्ये मायदेशी परतताना बोटीवरच त्याला मृत्यू आला. वय अवघे चाळीस. गोमिश यांच्या अंगी जे होते ते पणजीच्या लहान विद्यालयाने खुंटविले नाही. लहान संस्थेतही मोठे मन घडू शकते, हे सांगण्यास एवढे एक उदाहरण पुरे.

आता दूरची वाट पाहू. १८५१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातून पहिली तुकडी बाहेर पडली. तीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचा जन्म पेडण्यातील मांद्रे गावचा. कुटुंब मुंबईस आले म्हणून त्यांना इंग्रजी शिक्षण लाभले. पुढे कुष्ठरोगावरील उपचार, प्राचीन शिलालेखांचे वाचन, स्त्रीशिक्षण अशा अनेक क्षेत्रांत त्यांनी काम केले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयास आज त्यांचेच नाव आहे. त्याच कॉलेजच्या आरंभीच्या गोमंतकीय विद्यार्थ्यांपैकी डॉ. जोसे कामिलो लिस्बोआ यांनी वैद्यकी सांभाळून मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा, विशेषतः गवतांचा अभ्यास केला.

बारदेशातील हडफडे या एकाच गावाने मुंबईस दोन डॉक्टर दिले, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते. डॉ. अकासिओ व्हिएगस यांचा जन्म १८५६ चा. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडून त्यांनी मुंबईच्या मांडवी भागात व्यवसाय मांडला. १८९६ च्या सप्टेंबरात तेथील एका रुग्णाची गाठ तपासून त्यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. असे अप्रिय सत्य ऐकण्यास शहर उत्सुक नव्हते. व्यापारी बंदराला प्लेगचे नाव नकोसेच असते. तरी डॉक्टर आपल्या मतापासून ढळले नाहीत, आणि लवकरच ते खरे ठरले. त्याच ग्रँट मेडिकल कॉलेजच्या इमारतीत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १८९७ च्या जानेवारीत प्रथम स्वतःस टोचून घेतली. धोबीतलावला मेट्रो चित्रपटगृहासमोर डॉ. व्हिएगस यांचा पुतळा उभा आहे. बसच्या रांगेत उभ्या असलेल्या किती जणांची नजर त्याकडे वळत असेल, कोण जाणे.

हडफड्याचे दुसरे सुपुत्र डॉ. जे. गर्सन द कुन्हा. जन्म १८४४. मुंबईत वैद्यक शिकून ते पुढे ब्रिटनला गेले आणि परत येऊन मुंबईतच स्थायिक झाले. आम्हां वसईकरांवर त्यांचे ऋण आहे. १८७६ मध्ये त्यांनी चौल आणि वसई यांच्या इतिहासावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या किल्ल्याच्या भिंतींवरून आम्ही लहानपणी उड्या मारल्या, त्या भिंतींमागील मठ, चर्च, पाठशाळा यांची सुसंगत हकीकत आम्हांस प्रथम त्यांच्याच पानांतून समजली. हा ग्रंथ निव्वळ मुंबईच्या शिक्षणातून निर्माण झाला नसता, असे आमचे मत आहे. बारुश, कोरैया, कोउतु यांच्या पोर्तुगीज बखरी वाचण्यास जी भाषा लागते, ती त्यांनी गोव्याहून बरोबर आणली होती. ती इंग्रजी विद्वानांच्या सभेत मांडण्याची शिस्त मुंबईने दिली. घरची शिदोरी आणि दूरची शाळा, दोहोंची गाठ पडली तेव्हा वसईला तिचा इतिहासकार मिळाला.

दूर जाणाऱ्यांना दूरचे शहर कसे सामावून घेते, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. मुंबईत गोमंतकीयांनी त्यास फार व्यवहारी उत्तर शोधले होते. धोबीतलाव, माझगाव या भागांत गावागावांचे 'कूड' उभे राहिले. एका गावाची माणसे एका छपराखाली. भिंतीलगत ट्रंका, एका कोपऱ्यात अल्तार, संध्याकाळी सामुदायिक रोझरी. खलाशी, आचारी, नोकरी शोधणारे यांच्याबरोबर शिकावयास आलेल्या मुलांनाही तेथे आसरा मिळे. आईबापांनी मुलगा मुंबईस पाठविला म्हणजे वस्तुतः गावाच्याच एका खोलीत पाठविला, असे म्हणता येईल. दूर जाणाऱ्यांची संख्या वाढली, तसे गावही बदलले. १८८७ साली हडफड्यातच इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली. दूरच्या विद्यापीठाने गावच्या प्राथमिक शिक्षणाला असे आपल्याकडे वळविले.

येथे विद्यापीठ म्हणजे नेमके काय, याचाही विचार करावयास हवा. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ आरंभीची अनेक दशके लंडनच्या नमुन्यावर मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होती. शिकविणे हे कॉलेजांचे काम. त्याच सुमारास, १८५२ मध्ये, डब्लिनच्या कॅथोलिक विद्यापीठासाठी तयार केलेल्या व्याख्यानांत जॉन हेन्री न्यूमन यांनी एक धाडसी मत मांडले होते. ज्या विद्यापीठात सहवास नाही पण परीक्षा आहेत, आणि ज्यात परीक्षा नाहीत पण तरुणांचा सहवास आहे, अशा दोहोंत निवड करावयाची झाली तर आपण दुसरे पसंत करू, असा त्यांचा आशय. २०१९ मध्ये ज्यांना संतपद मिळाले, त्यांचे हे म्हणणे पालकांनी मनावर घ्यावे. मूल पदवी कुठली आणते याइतकेच, ते चार वर्षे कुणाबरोबर जेवते, बोलते, वाद घालते, हेही शिक्षणच आहे.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक काटेरी होता. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात जाहीर भाषण केले. वैद्यक शिकावयास अमेरिकेलाच का, या देशात सोय नाही काय, असे लोक विचारीत. त्यांना त्यांनी मुद्देसूद उत्तरे दिली. अठराही वर्षे पूर्ण न झालेल्या मुलीला एवढ्या सभेपुढे आपला निर्णय समजावून सांगावा लागला. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास निवर्तल्या. दूरच्या वाटेची किंमत असते, आणि ती कधीकधी प्राणांची असते, हे आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही.

गोव्याच्या कथेचा शेवट मोठा बोलका आहे. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज सत्ता गेली. १९६२ मध्ये पणजी व मडगाव येथे महाविद्यालये निघाली, आणि ती जोडली गेली मुंबई विद्यापीठाला. जुन्या एस्कोलाचे १९६३ मध्ये गोवा मेडिकल कॉलेज झाले. ज्या विद्यापीठासाठी पूर्वी आगबोटीने जावे लागे, ते असे घरी चालून आले. पुढे १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्वतंत्रपणे उभे राहिले. म्हणजे जवळ आणि दूर ही अंतरे नकाशावर कायमची कोरलेली नसतात. काल दूर गेलेल्यांच्या श्रमांमुळेच आज बरेच काही जवळ आलेले आहे.

आता आमच्या अडखळण्याचे कारण. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक मुलगा गर्सन द कुन्हांचा ग्रंथ आमच्या कपाटातून वाचावयास नेत असे. त्याला इतिहास शिकावयाचा होता आणि दिल्लीस प्रवेश मिळाला होता. वडील नव्हते; आई एकटी. तो विचारावयास आला तेव्हा आम्ही म्हणालो, "आईचा विचार कर." जवळच्या कॉलेजात त्याचा विषय नव्हता, त्याने वाणिज्य घेतले. आज तो एका बँकेत आहे, आईला सुखात ठेवतो, चर्चच्या हिशेबात आम्हांस मदत करतो. अंतराचा विचार आम्ही केला, विषयाचा केला नाही. आणि ज्या ग्रंथावर आमचे प्रेम, त्याचा लेखक स्वतः घर सोडून गेला होता, हे त्या दिवशी आमच्या मनातही आले नाही.

हैदराबादच्या प्रश्नासाठी मागितलेल्या मुदतीत आम्ही त्याच्या घरी गेलो आणि हे सारे त्याला बोलून दाखविले. तो क्षणभर थांबला व म्हणाला, "फादर, तुम्ही नको म्हणाला नव्हतात. पण मी तुमच्याकडे आलो होतो तो 'जा' ऐकायलाच." त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. मग त्याच्या आईने चहा आणला.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी आईवडिलांसह आली. आम्ही होय किंवा नाही म्हटले नाही. तिला हवा तो विषय दोन्हीकडे नीट शिकवितात काय, त्या पदवीला उद्या कुठे कुंपण पडणार नाही ना, आणि तिकडे तिचा कूड कोणता असेल, हे तिघांना विचारले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मुलीने चटकन दिली. तिने सर्व चौकशी केलेली होती. तिसऱ्यावर ती घुटमळली. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली आई म्हणाली, "फादर, तिथल्या कुठल्या फादरांना तुमची चिठ्ठी चालेल का?"

आम्ही टेबलाच्या खणातून कागद काढला.