इंग्रजीचा पेपर : कराचीपासून उल्हासनगरपर्यंत

१/१८
इ.स. १८५६ मध्ये कल्याणहून निघालेला लोहमार्ग बदलापूरवरून खोपोलीपर्यंत पोहोचला. पुढच्याच वर्षी, १८ जुलै १८५७ रोजी, मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. आगगाडी आणि इंग्रजीची परीक्षा या दोन गोष्टी उल्हास नदीच्या खोऱ्यात अशा जवळजवळ एकाच सुमारास आल्या. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील असंख्य घरांची दिशा या दोहोंनी ठरवली. आगगाडीचा इतिहास अनेकांना ठाऊक असतो. हा धागा इंग्रजीच्या परीक्षेविषयी आहे.

२/१८
आरंभीचे मुंबई विद्यापीठ हे शिकवणारे नव्हे, तर परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने त्यासाठी लंडन विद्यापीठाचा नमुना पुढे ठेवला होता. विद्यापीठात प्रवेश मिळायचा तो मॅट्रिकच्या दारातून. पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. शंभरावर विद्यार्थी बसले. उत्तीर्ण झालेल्यांची संख्या पंचविशीच्या आत राहिली. त्या मोजक्या नावांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही दोन नावे होती.

३/१८
या घटनेचे महत्त्व जगाच्या नकाशावर ठेवून पाहावे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांच्या वरच्या पातळीच्या इंग्रजीची परीक्षा केंब्रिजने सुरू केली ती १९१३ मध्ये. भाषांतर, व्याकरण, निबंध, साहित्य, उच्चारशास्त्र, श्रुतलेखन आणि संभाषण मिळून ती बारा तासांची होती. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. परभाषेतील इंग्रजी तोलण्याचा खटाटोप मुंबईत त्याआधी चोपन्न वर्षे चालू होता.

४/१८
दोन्ही परीक्षांत एक मूलभूत अंतर होते. केंब्रिजला उमेदवाराची इंग्रजी किती पक्की आहे एवढेच पाहायचे होते. मुंबईच्या मॅट्रिकला इतिहास आणि भूगोलही तपासायचा होता. मात्र उत्तरे इंग्रजीत लिहायची होती. त्यामुळे प्रत्येक पेपर हा अप्रत्यक्षपणे इंग्रजीचाच पेपर ठरला. इतिहास येत असूनही इंग्रजीमुळे मागे पडलेला विद्यार्थी गुणपत्रिकेत वेगळा दिसत नसे. याच विद्यापीठात मराठीला मानाचे स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत प्रयत्न केले, हे येथे ध्यानात घ्यावे.

५/१८
त्या काळी इंग्रजीत काय विचारले जाई? पदपरिस्फोट, वाक्यपृथक्करण, उताऱ्याचा अर्थ निराळ्या शब्दांत मांडणे, देशी भाषेतून इंग्रजीत भाषांतर आणि निबंध. या प्रकारांपैकी बरेचसे मराठी व्याकरणाच्या अभ्यासातही रुळले. भाषांतराला एवढे वजन होते की तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरोघरी पोहोचली आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकली. जे परीक्षेत येते तेच पुस्तकात येते आणि जे पुस्तकात येते तीच भाषा होऊन बसते, हा नियम तेव्हापासूनचा आहे.

६/१८
याच परंपरेतले सर्वांत परिचित पुस्तक म्हणजे रेन आणि मार्टिन यांचे इंग्रजी व्याकरण. पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हे पुढे 'बो जेस्ट' या कादंबरीमुळे जगभर गाजले. त्याआधी ते मुंबई प्रांताच्या शिक्षण खात्यात होते आणि कराचीत त्यांनी शिक्षणाचे काम केले होते. कराची मुंबई प्रांतात कशी, असा प्रश्न पडेल. त्याच्या उत्तरातच उल्हासनगरची गोष्ट दडलेली आहे.

७/१८
१ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई प्रांताचाच भाग होता. प्रांत वेगळा झाला, तरी सिंधमधील महाविद्यालये मुंबई विद्यापीठालाच जोडलेली राहिली. सिंध विद्यापीठ स्थापन झाले ते थेट १९४७ मध्ये. म्हणजे कराची किंवा हैदराबाद (सिंध) येथला सिंधी मुलगा आणि ठाण्याचा मराठी मुलगा एकाच विद्यापीठाच्या मॅट्रिकला बसत होते. एकमेकांची भाषा न कळणारे हे दोघे इंग्रजीचा एकच पेपर सोडवत होते.

८/१८
मग फाळणी झाली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या जवळजवळ लाखभर निर्वासितांची सोय करण्यात आली. बराकींत पडदे लावून घरे झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. जुन्या लोकांच्या तोंडी मात्र 'कल्याण कॅम्प' कायम राहिला. क्रमांकांनी ओळखले जाणारे तिचे 'कॅम्प' तर आजही बोलण्यात आहेत.

९/१८
घर, शेत, दुकान मागे राहिले. सिंधी भाषेची बावन्न अक्षरी अरबी-फारसी वळणाची लिपी नव्या मुलखात कोणाला वाचता येत नव्हती. अशा वेळी सुशिक्षित निर्वासितापाशी एक गोष्ट अशी होती की जिचे मूल्य सीमा ओलांडूनही घटले नाही. ती म्हणजे मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक किंवा पदवी. ज्या विद्यापीठाने ती दिली ते मुंबईतच होते. इंग्रजीचा पेपर उत्तीर्ण झाल्याचा दाखला हा स्थावर नसलेल्या माणसाचा सातबारा ठरला.

१०/१८
नेमक्या याच वर्षांत मुंबई राज्याचे भाषाधोरण उलट दिशेला वळले. बाळासाहेब खेर यांच्या सरकारच्या काळात इंग्रजी पाचवी ते सातवीतून काढून आठवीपासून शिकवण्याचे धोरण आले. विद्यापीठाच्या मॅट्रिकऐवजी मंडळाची एस.एस.सी. परीक्षा १९४९ पासून सुरू झाली. जानेवारी १९५४ मध्ये सरकारने बहुतेक भारतीय मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळांत नव्याने प्रवेश देण्यास मनाई केली. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या निमित्ताने हे प्रकरण न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला.

११/१८
खेरांच्या धोरणामागचा विचार लहान नव्हता. मुलाने ज्ञान मातृभाषेत घ्यावे, ही त्यामागची भूमिका होती. प्रश्न उरला तो महाविद्यालयाच्या दाराशी, कारण तेथे इंग्रजीच चाले. आठवीला 'ए, बी, सी' गिरवणारा मुलगा चार वर्षांत इंग्रजी व्याख्याने ऐकू लागेल, अशी ती अपेक्षा होती. अंबरनाथच्या कारखान्यांतील कामगारांच्या आणि बदलापूरच्या शेतकऱ्यांच्या मराठी शाळांत शिकणाऱ्या मुलांना ही उडी सर्वांत उंच पडली, कारण घरात इंग्रजी सांगणारे कोणी नव्हते.

१२/१८
उल्हासनगरला तळरेजा महाविद्यालय १९६१ मध्ये आणि चांदीबाई महाविद्यालय १९६५ मध्ये सुरू झाले. सिंधी, मराठी, हिंदी बोलणारी मुले एका बाकावर आली. इंग्रजी यांपैकी कोणाचीच मायबोली नव्हती आणि परीक्षा मात्र सर्वांना तीच होती. १९६७ मध्ये सिंधीचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. तिला मान मिळाला. पण नोकरीच्या अर्जावरची भाषा त्यामुळे बदलली नाही.

१३/१८
महाराष्ट्रात शिकलेल्या कोणालाही इंग्रजीच्या पेपरातील 'डू अ‍ॅज डायरेक्टेड' हा प्रश्न आठवतो. 'टू' काढून 'सो... दॅट' वापरा, 'नो सूनर... दॅन' ने वाक्य सुरू करा, प्रयोग बदला, 'इफ' च्या जागी 'अनलेस' घाला. हा प्रश्न एवढा टिकला याचे कारण तपासनिसाच्या अडचणीत आहे. १९३५ साली फिलिप हार्टोग आणि ई. सी. ऱ्होड्‌स यांनी इंग्लंडमध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका चौदा परीक्षकांनी वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने पुन्हा तपासल्या. २१० निकालांपैकी ९२ वेळा त्याच परीक्षकाचा निर्णय बदलला होता. निबंधात असा घोळ होतो. 'अनलेस' च्या वाक्यात होत नाही. लाखो उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मंडळाला व्याकरण म्हणूनच जवळचे वाटते.

१४/१८
पण सारखे गुण पडणे म्हणजे योग्य गोष्ट मोजली जाणे नव्हे. या विषयाला शास्त्राचे रूप देणाऱ्यांत रॉबर्ट लाडो हे प्रमुख नाव आहे. स्पॅनिश आईबापांचा हा मुलगा स्वतः विशी ओलांडल्यावर इंग्रजी शिकला. त्याने १९५७ आणि १९६१ च्या ग्रंथांत असे मांडले की शिकणाऱ्याची मातृभाषा आणि नवी भाषा जेथे वेगळ्या वाटेने जातात, तेथे परीक्षा घ्यावी. मराठीत 'अ', 'अ‍ॅन', 'द' यांसारखी उपपदे नाहीत, सिंधीतही नाहीत. इंग्रजी शब्दयोगी अव्यये नामाच्या आधी येतात, मराठीत ती नामाला मागून जोडली जातात. म्हणून बराकीतील आणि चाळीतील मुलगा 'द' पाशी सारखाच अडखळतो, मग तो 'नो सूनर' कितीही अचूक लिहो.

१५/१८
शब्दसंग्रह मोजण्याची कहाणी ढाक्यातून जाते. तेथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करताना मायकेल वेस्ट यांना दिसले की बंगाली मुले दुर्मीळ शब्दांच्या ओझ्याखाली वाचनच सोडून देतात. त्यांनी अधिक वापराच्या शब्दांना आधी स्थान दिले. त्यातूनच १९५३ मध्ये सुमारे दोन हजार शब्दांची त्यांची प्रसिद्ध यादी आली. १९८३ मध्ये पॉल नेशन यांनी दोन, तीन, पाच आणि दहा हजार शब्दांच्या पायऱ्यांवर शब्दज्ञान तपासणारी चाचणी दिली. अवघड शब्दांचे अर्थ पाठ करणारा विद्यार्थी या चाचणीत कधी कधी खालच्याच पायरीवर अडकतो.

१६/१८
वरच्या पातळीची खरी कसोटी याहून सूक्ष्म आहे. लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक राहिलेले जे. आर. फर्थ यांनी पुढे शब्दांच्या सोबतीवर भर दिला. मराठीत पाऊस मुसळधार असतो आणि चहा कडक. 'मुसळधार चहा' कोणी म्हणत नाही आणि त्याचा नियमही कोणी सांगत नाही. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' असतो, 'पॉवरफुल' नसतो. दोन्ही शब्दांचा अर्थ ठाऊक असणे येथे पुरत नाही. व्याकरणात पैकीच्या पैकी गुण मिळवणारा पदवीधर मुलाखतीत अवघडतो, त्याचे एक कारण येथे आहे : ही सोबत वाचनातून आणि बोलण्यातून अंगवळणी पडते, सूत्रातून नाही.

१७/१८
जगातील परीक्षा या जाणिवेने बदलत गेल्या. १९५३ मध्ये विल्सन टेलर यांनी उताऱ्यातील ठरावीक अंतरावरचा शब्द गाळून तो ओळखायला लावणारी क्लोझ चाचणी मांडली. १९६१ मध्ये जॉन कॅरोल यांनी सुटे नियम नव्हे, तर भाषेचा एकत्रित वापर तपासावा असा आग्रह धरला. १९६४ मध्ये बहुपर्यायी 'टोफेल' आली. तिच्या २००५ च्या इंटरनेट आवृत्तीतून व्याकरणाचा स्वतंत्र विभाग गेला. १९८९ च्या 'आयेल्ट्स' मध्ये तो विभागच नाही. व्याकरण आणि शब्दसंपत्ती पाहिली जाते ती लिहिण्या-बोलण्यात. केंब्रिजच्या वरच्या परीक्षांत 'यूज ऑफ इंग्लिश' हा भाग मात्र टिकून आहे.

१८/१८
जून २००० पासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आली. त्या वेळी रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते. उल्हासनगरच्या सिंधी माध्यमाच्या शाळा दरम्यान ओस पडत गेल्या, बदलापूरला इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढल्या. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची रीत मराठीत जुनी आहे. परीक्षेने मात्र दीडशे वर्षे त्या दुधापेक्षा भांड्याचेच माप अधिक घेतले. १९४७ साली त्याच मापाने निर्वासितांना तारले, कारण सिंध आणि ठाणे दोन्हींकडे ते एकच होते. पुढे त्याच मापाने कामगारांच्या मुलांना नियम दिले आणि भाषा देणे बाकी ठेवले. म्हणून इंग्रजीच्या कोणत्याही परीक्षेपुढे बसताना दोन प्रश्न विचारणे हा या इतिहासाचा धडा आहे : येथे नेमके काय मोजले जात आहे, आणि जे मोजले जात नाही ते कुठे शिकायचे?