अंबत्तूरमधील घर न विकता पैसे कसे उभे करावेत?

अंबत्तूर औद्योगिक वसाहतीमुळे या भागात भाड्याच्या घरांना कायम मागणी असते. तुमच्या नावावर येथे घर असल्यास उपचार, शिक्षण किंवा धंद्यासाठी ते विकण्याआधी पुढील तीन मार्ग समजून घ्या.

1. मालमत्ता तारण कर्ज

भाड्याने दिलेल्या घरावरही हे कर्ज मिळते. बँका सामान्यतः बाजारमूल्याच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश रकमेपर्यंत कर्ज देतात. तुमचे उत्पन्न व चालू हप्ते पाहून रक्कम ठरते.

उदाहरण: 15 लाख रुपये, 10 टक्के व्याज, 15 वर्षे मुदत. मासिक हप्ता सुमारे 16,120 रुपये. घरभाडे 12,000 रुपये असेल, तर दरमहा 4,120 रुपये पदरचे घालावे लागतील. घरपट्टी व दुरुस्ती वेगळी. वर्षात दोन महिने घर रिकामे राहते असे धरले, तर भाड्यातून सुमारे 9 लाखांच्या कर्जाचाच हप्ता निघतो. बँक जास्त देत असली तरी गरजेपुरतेच घ्या.

2. बोगियम (एकरकमी ठेव)

चेन्नईत भाडेकरू मासिक भाड्याऐवजी ठरावीक वर्षांसाठी मोठी रक्कम देतो. तिच्यावर व्याज नसते, मात्र मुदत संपताच पूर्ण रक्कम परत करावी लागते. पैसा खर्च करण्याआधी परतफेडीची सोय ठरवा. करार लेखी व नोंदणीकृतच करा. घर आधीच तारण असल्यास बँकेची लेखी परवानगी घ्या.

3. रिव्हर्स मॉर्गेज (उलट तारण)

वय 60 वर्षे किंवा अधिक असलेल्या घरमालकांसाठी राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने 2007 मध्ये ही योजना आणली.

- घरात तुम्ही स्वतः राहत असले पाहिजे. भाड्याने दिलेले घर चालत नाही.
- पती-पत्नी मिळून अर्ज करू शकतात.
- बँक दरमहा ठरावीक रक्कम देते. हयातीत त्या घरात राहत असेपर्यंत हप्ता भरावा लागत नाही.
- ही रक्कम कर्ज असल्याने तिच्यावर आयकर लागत नाही.
- दोघांच्या पश्चात वारस कर्ज फेडून घर ठेवू शकतात. अन्यथा बँक घर विकून उरलेली रक्कम वारसांना देते.
- घरपट्टी, विमा व देखभाल तुमच्याकडेच राहते.

लागणारी कागदपत्रे

- नोंदणीकृत विक्रीखत व आधीची मूळ खते
- उपनिबंधक कार्यालयाचा बोजा दाखला (ईसी)
- पट्टा (आपल्याकडील सातबारा किंवा मालमत्ता पत्रकासारखा)
- बृहन्चेन्नई महानगरपालिकेची घरपट्टी पावती व मंजूर नकाशा
- आधार, पॅन, उत्पन्नाचा पुरावा, असल्यास भाडेकरार

शासकीय योजनेतून मिळालेल्या घराचे विक्रीखत तुमच्या नावावर झाले नसेल, तर बँक ते तारण घेत नाही. खत झाले असले तरी वाटपपत्रातील अटी आधी वाचा.

सही करण्यापूर्वी

- बँकेकडून ‘मुख्य तथ्य विवरण’ मागून घ्या. त्यात व्याज व सर्व शुल्के धरून वार्षिक दर दिलेला असतो.
- धंद्याव्यतिरिक्त कारणासाठी व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क लागत नाही.
- मूळ कागदपत्रे दिल्यावर यादीसह पोच घ्या. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत ती परत मिळाली पाहिजेत; बँकेमुळे उशीर झाल्यास दररोज 5,000 रुपये भरपाई मिळते.
- कर्ज मंजुरीसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्या दलालांपासून सावध राहा.

हप्ते थकल्यास

90 दिवसांहून अधिक थकबाकी झाल्यास खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर बँक 60 दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. नोटीस येण्याची वाट न पाहता बँकेत जाऊन हप्त्यांच्या फेररचनेसाठी लेखी अर्ज द्या. ताबा कारवाईविरुद्ध 45 दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते.

तक्रार कुठे करावी?

आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी दूरध्वनी: 14448.