सावलीतले गवत आणि चाकोचे अरण्य

ग्रान चाको हे अर्जेंटिना, पॅराग्वे आणि बोलिव्हिया या देशांत पसरलेले शुष्क अरण्य. तेथील केब्राचो वृक्षाच्या नावाचा अर्थ 'कुऱ्हाड मोडणारा'. तरीही कुऱ्हाडच जिंकली. 1906 साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ला फोरेस्ताल कंपनीने कातडी कमावण्याच्या टॅनिनसाठी अर्जेंटिनात या वृक्षाची प्रचंड तोड केली आणि 1960च्या दशकात ती निघून गेली.

उरलेल्या रानात गुरे चरली, गवत संपले, काटेरी झुडपे माजली. पशुपालकापुढे प्रश्न उभा राहिला: सारे रान साफ करून कुरण पेरावे, की झाडे राखून त्यांच्याखाली चारा उगवावा? उत्तर बरेचसे गवताच्या निवडीत होते.

अंजन गवत महाराष्ट्राच्या कोरडवाहू माळांवरही परिचित आहे. ते अवर्षणात तग धरते, पण त्याला ऊन हवे. अंजन पेरणाऱ्याला झाडे अडचणच वाटणार. गिनी गवत मात्र मूळचे आफ्रिकेतील विरळ रानांच्या सावलीतले. अठराव्या शतकात ते पिंजऱ्यातील पक्ष्यांच्या दाण्यातून जमैकात आले, अशी कथा सांगतात. (कथा खरी असो वा नसो, गुलामांची जहाजे याच वाटेने जात.) त्याचा झिम्बाब्वेतून आलेला एक वाण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये 'गॅटन पॅनिक' या नावाने प्रसृत झाला आणि पुढे चाकोत रुजला.

तेथे त्याला अल्गारोबोची साथ मिळाली. हा वृक्ष आपल्याकडील वेड्या बाभळीचा भाऊबंद. तो हवेतील नत्र जमिनीत आणतो. त्याच्या सावलीत ओल टिकते, गवत उशिरा वाळते, गुरांनाही उन्हाचा ताप कमी होतो. पेरणीसाठी नांगर नको: पात्यांचा जड लोखंडी रूळ ट्रॅक्टरने ओढून झुडपे मोडायची आणि त्याच फेरीत बी टाकायचे.

2007 साली अर्जेंटिनाने वनसंरक्षण कायदा केला. त्यातील 'पिवळ्या' वर्गातील जंगले तोडण्यास मनाई, पण शाश्वत वापरास मुभा. सावलीतले गवत आता कायद्याच्या चौकटीतही चपखल बसले, आणि वाद येथेच पेटला. रुळाला झुडूप आणि केब्राचोचे रोप यांतला भेद कळत नाही. जुने वृक्ष उभे राहतात, त्यांची जागा घेणारे कोवळे वृक्ष मात्र चिरडले जातात; वाळलेले उंच गवत वणव्यालाही वाट करून देते. म्हणून 2015च्या शासकीय आराखड्यात जंगलाचा काही भाग राखीव ठेवण्याची आणि नव्या रोपांना वाढू देण्याची अट घालण्यात आली.