कोटितीर्थाचा चित्रकार

१/ मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पाश्चात्त्य चित्रतंत्र आत्मसात करून आबालाल रहिमान कोल्हापुरास परतले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना राजाश्रय दिला. पण त्यांचे मन रमले ते कोटितीर्थ तलावाच्या एकान्तात.

२/ तेच पाणी, तीच झाडी त्यांनी वेगवेगळ्या प्रहरी पुनःपुन्हा रंगवली. पारदर्शक जलरंगात कोरा कागद हाच प्रकाश. तो एकदा झाकला की सहसा परत मिळत नाही. म्हणून आधी दीर्घ निरीक्षण, मगच रंग.

३/ १९२२ मध्ये महाराज निवर्तले. त्या शोकात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थातच बुडवली, असे कोल्हापुरात सांगतात. १९३१ मध्ये तेही गेले. उरलेल्या मोजक्या चित्रांतूनच आज शतकापूर्वीचे ते निसर्गरम्य कोल्हापूर पाहता येते.