आजीचं चिपटं

परवा माळा आवरायला काढला. दिवाळी अजून लांब आहे, पण एकदा वरून धूळ पडायला लागली की मला राहवत नाही. मागच्या कोपऱ्यात आजीची पत्र्याची पेटी होती. तिच्यात दोन फुटके कप, जुन्या रेशनकार्डाचं कव्हर, आणि एका फडक्यात गुंडाळलेलं पितळी चिपटं!

ज्यांना चिपटं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. (शेर गावोगावी थोडा वेगळा असायचा, त्यामुळे भांडू नये.) १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, साठच्या दशकात दुकानांत किलो-लिटर आले, पण पिठाच्या डब्यातलं चिपटं कुणी काढून घेतलं नाही. आजी १९९८ साली गेली, तोवर ते रोज वापरात होतं. आमच्या चिपट्यात सपाट भरलं तर ज्वारीचं पीठ सव्वाशे ग्रॅमच्या आसपास बसतं, मी मोजून बघितलं. त्यात मध्यम दोन भाकऱ्या होतात.

जुन्या वाचकांना आठवत असेल, आजीच्या काटकसरीवर मी इथेच पूर्वी एक लेख लिहिला होता. दोडक्याच्या शिरांची चटणी, कोथिंबिरीच्या काड्यांचं वाटण, तुपाच्या बेरीत पुसून घेतलेली पोळी, शिळ्या भाकरीचा कुस्करा, पुरणाच्या कटाची आमटी... तुम्हा सगळ्यांना तो आवडला होता, मलाही आवडला होता. आज त्यात एक दुरुस्ती करायची आहे. ती मला आत्याने सांगितली आणि ती सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आजीचं माहेर गिरगावातल्या चाळीतलं. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झालं तेव्हा ती सोळा वर्षांची होती. महायुद्ध चालू होतं, जपानने ब्रह्मदेश घेतल्यामुळे तिकडचा तांदूळ येणं बंद झालं होतं. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली. मुंबई वाचली ती बरीचशी या कार्डामुळे. रांग, खडे, निकृष्ट तांदूळ यांबद्दल आजी भरपूर बोटं मोडायची, पण एक गोष्ट कौतुकाने सांगायची. चाळीच्या मालकाला आणि चाळीतल्या भाडेकऱ्याला माणशी सारखंच धान्य. "कार्डावर डोकी मोजायचे, खिसे नाही," असं ती म्हणायची.

पुढे लग्न होऊन ती बार्शीला आली. आजोबा प्राथमिक शिक्षक. पगार ठरलेला, शेत नाही. १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध, त्यात पावसाने दगा दिलेला आणि अमेरिकेच्या पीएल ४८० कराराखाली येणाऱ्या गव्हावर देश अवलंबून. लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं आणि सोमवारची रात्र ठरली. हॉटेलंसुद्धा सोमवारी संध्याकाळी बंद राहायची. आजीचा सोमवार आधीपासूनच होता. शास्त्रीजींच्या शब्दाखातर आजोबा, बाबा आणि काकाही तो करू लागले. बाबा सांगायचे की त्या काळात रात्री घरातल्या सगळ्यांनाच सारखी भूक लागलेली असायची आणि त्यात एक मजा होती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग आलं १९७२.

त्याआधीची दोन वर्षंही पाऊस बेताचाच होता, पण ७२ ला त्याने पूर्ण पाठ फिरवली. सोलापूर, नगर, सांगली-साताऱ्याचा पूर्व भाग, पुण्याचे पूर्वेकडचे तालुके, सगळा मराठवाडा. आमच्या भागाची खरी मदार रब्बीच्या शाळूवर, मालदांडीवर. जमिनीत ओलच नाही तर पेरणार काय? १९७२-७३ मध्ये राज्यातलं धान्याचं उत्पादन नेहमीच्या निम्म्याच्या घरात आलं. रेशनच्या दुकानात मिलो मिळू लागला. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. आपल्याकडे आजही ज्यांची सत्तरी उलटली आहे त्यांच्यासमोर नुसतं 'मिलो' म्हणा आणि चेहरा बघा!

आत्या तेव्हा सोळा वर्षांची होती. ती सांगते की त्या पिठाला विरीच नव्हती. थापायला घेतलं की भाकरी कडेने चिरायची, तव्यावर टाकताना मोडायची आणि गार झाली की कडक व्हायची. आजीने त्यावर उपाय शोधले. पीठ कढत पाण्यात भिजवून झाकून ठेवायचं आणि मग मळायचं. भाकरी साधलीच नाही तर मिलो भरडून त्याच्या कण्या शिजवायच्या, ताक असेल तर ताकात, नसेल तर तिखट-मिठात. हुलगे भाजून, भरडून ते पीठ पाण्यात कालवायचं, गुळाचा खडा आणि मीठ घालून उकळायचं, की माडगं तयार. ताज्या भाजीच्या जागी सांडगे आणि वाळवलेली गवार. रॉकेल वाचवायला आमटीच्या पातेल्याला उकळी आली की ते उतरवून गोधडीत गुंडाळून ठेवायचं, डाळ आपोआप शिजते. हे सगळं मी मागच्या लेखात मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं, आणि त्यातलं काहीच खोटं नाही.

बाबा कॉलेजात होते. सुट्टीत त्यांना दुष्काळी कामावर हजेरी मांडायचं काम मिळालं. खडी फोडायची, रस्त्यावर माती टाकायची, पाझर तलाव खणायचे. नवराबायको दोघंही कामावर आणि पोरं बाजूला लुगड्याच्या झोळीत. तिथे सुकडी वाटायचे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा वाचला. ज्याँ द्रेझ या अर्थतज्ज्ञांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला आहे. एवढं पीक बुडूनही महाराष्ट्रात बंगालसारखं झालं नाही, याचं मोठं कारण ही कामं. लोकांच्या हातात मजुरी आली, त्यामुळे मिळेल ते धान्य त्यांना विकत घेता आलं. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या पुस्तकात बंगालबद्दल हेच उलट बाजूने मांडलं आहे. धान्य किती होतं एवढंच बघून भागत नाही, ते कुणाच्या हाती लागू शकत होतं हे बघावं लागतं.

तर आता चिपट्याकडे येते. ते सापडल्याबरोबर मी आत्याला फोन लावला. ती आता सत्तरीला आली आहे, पण आवाज खणखणीत. म्हटलं, "आत्या, आजीचं चिपटं सापडलं!"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, तू आईवर लिहिलं होतंस ना, ते छानच होतं. पण एक राहिलं त्यात."

"काय?"

"दुष्काळात आधी तिने शीग बंद केली. चिपटं भरलं की वरून हात फिरवून सपाट करायची. माणशी एक चिपटं. आम्ही सहा माणसं होतो घरात, आजी धरून." (ही आजी म्हणजे माझी पणजी.) "आणि आई चिपटी घालायची पाच."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, चुकून?

"चुकून कसं होईल? रोज दोन्ही वेळा? मी परातीशेजारी बसलेली असायचे, मोजायचे ना मी. सगळ्यांची जेवणं झाली की ती पातेल्याची खरवड काढून खायची, मोडक्या भाकरीचे तुकडे खायची. कधी माडगं नुसतं. शिवाय त्या वर्षी तिने गुरुवार धरला. सोमवार होता, शनिवार होता, चतुर्थी-एकादशी होत्याच. गुरुवार नवीन. दुष्काळ संपला, पण गुरुवार शेवटपर्यंत राहिला."

मी विचारलं, "तू कुणाला बोलली नाहीस?"

"नाही," ती म्हणाली. "मलाही भूक लागायची गं."

यावर मी काय बोलणार? सोळा वर्षांच्या मुलीने काय करायला हवं होतं हे मी आज भरल्या पोटी सांगणं बरं नाही. पन्नासहून जास्त वर्षं तिने हे मनात ठेवलं आणि एका पितळी मापाच्या निमित्ताने सांगितलं, एवढंच.

फोन ठेवल्यावर मला एकेक आठवायला लागलं. आजीला कायम चक्कर यायची. डॉक्टर रक्त कमी आहे म्हणायचे, गोळ्या द्यायचे. ती प्रकृतीनेच किरकोळ आहे असं आम्ही सगळे धरून चालायचो. खरवड तिला आवडते असंही धरून चालायचो. मागच्या लेखात तर मी लिहिलं होतं, की 'आजीला खरवड इतकी प्रिय की ती कुणाला देत नसे!' ते वाक्य मी आता काढून टाकलं आहे.

मग कपाटातली पुस्तकं काढून बसले. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० चं, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. 'रुचिरा'ने वाटी-चमच्याची मापं देऊन किती नव्या नवऱ्यांना (आणि नवरींना) जेवायला घातलंय हे वेगळं सांगायला नको. म्हणजे दुष्काळाच्या दोनच वर्षं आधी आमच्या स्वयंपाकघरातलं माप छापील पुस्तकात आलं होतं. पण कुठल्याही पाककृतीत साहित्य असतं, कृती असते. तयार झालेलं कुणाच्या ताटात किती गेलं, हे लिहायची पद्धत नाही. माझ्या लेखातही ते नव्हतं. शिरांची चटणी ही हुशारी होती, सहाव्या चिपट्याची बचत ही हुशारी नव्हती. ते आजीचं जेवण होतं. दोन्हींना मी 'काटकसर' हा एकच शब्द वापरला, हीच माझी चूक.

त्याच १९७२ साली मुंबईत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या वेगवेगळ्या पक्षांतल्या, पण महागाईविरुद्ध एकत्र आल्या. घरोघरच्या गृहिणी, ज्यांनी कधी मोर्चा पाहिला नव्हता, थाळ्या वाजवत आल्या. त्याही घरी काटकसर करतच असणार. पण घरातली काटकसर एका हद्दीनंतर बाईच्या ताटात शिरते, हे त्यांना कळलेलं होतं, म्हणून त्या सरकारला जाब विचारायला गेल्या. बार्शीतल्या आजीकडे ती वाट नव्हती, किंवा तिला ती दिसली नाही. तिला मोर्चाची बातमी कळली होती का, हे विचारायचं राहून गेलं.

दुष्काळ गेला, पण त्यातून एक चांगली गोष्ट राहिली. वि. स. पाग्यांनी तासगाव तालुक्यात विसापूरला साठच्या दशकातच जो प्रयोग केला होता, त्याची रोजगार हमी योजना झाली. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. केंद्राने २००५ साली केलेल्या कायद्यामागे हाच अनुभव होता. त्या योजनेसाठी पैसा हवा म्हणून १९७५ साली महाराष्ट्रात नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. माझ्या पगारातून तो दर महिन्याला कापला जातो आणि मी इतकी वर्षं त्या कपातीकडे बघून नाक मुरडत आले. आता नाही मुरडणार. कुणाच्या तरी घरी सहावं चिपटं पडावं म्हणून तो सुरू झाला होता.

आणि म्हणूनच मला १९६५ चा सोमवार आठवतो. तेव्हाही कमीच खाल्लं, पण सगळ्यांनी मिळून, उघडपणे. बाबांना त्यात मजा वाटली होती. ७२ मध्ये काय चाललं होतं हे बाबांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. आत्या म्हणते, बरं झालं. मला तसं वाटत नाही. त्यांना कळलं असतं तर त्यांनी अर्धी भाकरी नक्की परत ठेवली असती. सहा जणांत पाच चिपटी वाटून घेतली असती तर कुणीच उपाशी राहिलं नसतं, थोडं थोडं कमी पडलं असतं, इतकंच.

चिपटं चिंचेने घासून लख्ख केलं आहे आणि पिठाच्या डब्यात ठेवलं आहे. आत्याने ते मागितलं आहे. पुढच्या महिन्यात बार्शीला जाईन तेव्हा नेऊन देईन. शिरांची चटणी आमच्याकडे पुढेही होणारच, उगाच कशाला फेकायच्या शिरा? फक्त हल्ली जेवायला सगळ्यांनी एकदम बसायचं, अशी सक्ती मी घरात केली आहे. पोळ्या गार झाल्या तर गार. लेक कुरकुर करते, करू दे.

नातेवाईक मंडळींना एक विनंती. तुमच्याकडे सत्तरी-ऐंशीतलं कुणी असेल तर मिलोची भाकरी कशी करायचे ते जरूर विचारून घ्या. आणि ते झालं की हेही विचारा, की घरात सगळ्यात शेवटी कोण जेवायचं, आणि तेव्हा टोपल्यात काय उरलेलं असायचं. मला कळवा.