छापणार कोण? वऱ्हाडातल्या पुस्तकांची छापखान्यापर्यंतची वाट

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना अडाण नदीच्या काठी बोरी अरब लागते. अशा गावातल्या पाच-सात लिहित्या मंडळींनी पदरचे पैसे घालून एकत्रित कथासंग्रह काढायचा ठरवला, की पहिली बैठक कथांच्या निवडीवर होते आणि दुसरी छापखान्यावर. यवतमाळात छापायचे, अमरावती-नागपुरात, की थेट पुण्यात? प्रती पाचशे की दोनशे? शिलाई की नुसते चिकटवलेले बाइंडिंग? आज हे सगळे एका दुपारी फोनवर विचारून होते आणि अडते ते दरावर. पूर्वी ते दरापर्यंत पोहोचायलाच वेळ लागे. वऱ्हाडातल्या लेखकाने छापखाना निवडण्याआधी छापखान्याने त्याला पसंत करावे लागे, आणि ती पसंती पैशांपेक्षा खिळ्यांवर, शाईवर आणि मालकाच्या छातीवर ठरत असे.

मराठी छपाईच्या आरंभीच हा मामला दूरदेशीचा होता. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात निघाले. त्याच छापखान्याने पुढच्या दशकात ‘सिंहासन बत्तिशी’, ‘हितोपदेश’ अशी मराठी पुस्तके काढली, तीही मोडी खिळ्यांत. त्या कामात कॅरींचा उजवा हात होते वैजनाथ शर्मा, मूळचे नागपूरकडचे पंडित. म्हणजे विदर्भातल्या माणसाचे मराठी छापायला हुगळीचा काठ गाठावा लागला, कारण इकडे खिळेच नव्हते.

मुंबईत खिळे आले तेव्हा वाद शाईवर गेला. गणपत कृष्णाजींनी १८३१ च्या सुमारास छापखाना थाटला आणि पुढे पंचांग छापून विकायला काढले. शाईत चरबी असते, या समजुतीने सोवळी मंडळी छापील पोथीला हात लावायला तयार नव्हती. गणपत कृष्णाजींनी धार्मिक पुस्तकांसाठी तुपाची शाई तयार करवली. त्या काळी पोथी छापून घेणाऱ्याला छापखान्याच्या दराइतकीच त्याच्या शाईचीही चौकशी करावी लागत असणार. खिळ्यांचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला तो जावजी दादाजींमुळे. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचे काम करणाऱ्या या माणसाने १८६४ मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री आणि १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना काढला. त्यांच्या ओतशाळेतले देवनागरी खिळे देशभर जाऊ लागले आणि मुंबई-पुण्याबाहेरही छापखाना काढणे आवाक्यात आले.

तरीही वऱ्हाडातून पुण्याला जाणे थांबले नाही. याचे सर्वांत ठळक उदाहरण बुलढाण्याचे आहे. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरच्या खटल्यावरून आणि विधवांवर तोंडसुख घेणाऱ्या वृत्तपत्रांवरून पेटून उठलेले हे लेखन होते, आणि त्यात पुरुषांची, शास्त्रांची, देवांचीही गय नव्हती. असे हस्तलिखित हाती घ्यायला छापणाऱ्याला हिंमत लागे. पुस्तकावर टीकेची झोड उठली, जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’च्या अंकातून ताराबाईंची बाजू घेतली, आणि मग ते विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापून आणले, तेव्हा मधे जवळपास एक शतक गेले होते. पाचशे प्रतींतून काही टिकल्या म्हणूनच हे शक्य झाले.

छापणाऱ्याला हिंमत का लागे, याचे उत्तर १८६७ च्या कायद्यात आहे. छापखाने व पुस्तक नोंदणीच्या या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे सक्तीचे केले. छापखाना ठेवणाऱ्याने मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र करायचे आणि प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात जमा करायच्या. आज पुस्तक उघडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात दिसणारी ‘मुद्रक’ ही ओळ या कायद्याची देणगी. लेखकाने टोपणनाव घेतले तरी मुद्रकाला ते घेता येत नव्हते. पोलीस पहिले त्याच्याच दारात येत.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे दार वारंवार वाजले. यवतमाळात ‘हरिकिशोर’ हे पत्र चालवणारे पृथ्वीगीर हरिगीर गोसावी त्या काळात राजद्रोहाच्या खटल्यात सापडले. सावरकरांच्या १८५७ वरच्या मराठी हस्तलिखिताची कथा तर छापखाना शोधण्याचीच कथा आहे. लंडनमध्ये लिहिलेले बाड गुपचूप महाराष्ट्रात आले, पण छापखान्यांवर धाडी पडू लागल्याने ते परत युरोपात गेले. जर्मनीत संस्कृत ग्रंथांसाठी नागरी खिळे होते, म्हणून तिथे जुळणी करून पाहिली; मराठी न कळणाऱ्या जुळाऱ्यांच्या हातून ती इतकी अशुद्ध झाली, की बेत सोडावा लागला. अखेर इंग्रजी भाषांतर १९०९ मध्ये हॉलंडात छापले गेले. मराठी पुस्तक उघडपणे यायला स्वातंत्र्य उजाडावे लागले.

मग आला १९१० चा प्रेस कायदा. नवा छापखाना काढणाऱ्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांचा जामीन मागण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला मिळाला. मजकूर सरकारला खटकला, की जामीन जप्त. तालुक्याच्या गावात एक ट्रेडल मशीन टाकून लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापणाऱ्याला ही रक्कम परवडणारी नव्हती. त्यामुळे तो आधी हस्तलिखित वाचे, मग दर सांगे. पुष्कळदा दर सांगतच नसे.

ज्यांचा मजकूर सरकारलाच नव्हे, तर शेजाऱ्यालाही खटकणारा होता, त्यांना वेगळीच वाट काढावी लागली. नागपूरजवळच्या मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे यांनी १९१० मध्ये स्वतःचाच छापखाना काढला. ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ ही पत्रे त्यांनी एकामागून एक चालवली. एक बंद पडले की दुसरे, हा क्रम १९३०च्या दशकापर्यंत चालला. यवतमाळात लोकनायक बापूजी अण्यांनी १९१८ च्या सुमारास ‘लोकमत’ सुरू केले. पुढे जवाहरलाल दर्डांनी तेच नाव पुन्हा उभे केले.

पुस्तकापुरते बोलायचे तर अडचण खिळ्यांच्या मोजकेपणाची होती. डेमी आकारात सोळा पानांचा एक फर्मा होतो. एकशे अठ्ठावीस पानांचा कथासंग्रह म्हणजे आठ फर्मे, पाचशे प्रतींना चार हजार ताव, आठ रीम कागद, वर वाया जाणारा वेगळा. लहान छापखान्याकडे आठही फर्मे एकदम जुळवून ठेवण्याइतके खिळे क्वचितच असत. एक-दोन फर्मे जुळवायचे, प्रूफ काढायचे, दुरुस्त करून छापायचे, खिळे सोडून पुन्हा खणांत टाकायचे, मग पुढचा फर्मा. देवनागरीत काना, मात्रा, रफार, जोडाक्षरे यांचे खण इंग्रजीच्या कितीतरी पट. पुण्यात छापणाऱ्या वऱ्हाडी लेखकाचे प्रूफ टपालाने यायचे आणि ते परत पोहोचेपर्यंत जुळवलेला मजकूर तसाच अडकून पडायचा. छापखानेवाला तगादा लावी, लेखक घाईत वाची, आणि शुद्धिपत्र शेवटच्या पानावर चढे. जुन्या पुस्तकांतली दोन-दोन पानांची शुद्धिपत्रे निव्वळ निष्काळजीपणाची म्हणता येत नाहीत. त्यांतली बरीचशी अंतराची आहेत.

गटाने मिळून पुस्तक काढण्याची मराठीतली गाजलेली रीत पुण्याच्या रविकिरण मंडळाने घालून दिली. १९२३ मध्ये माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे, वि. द. घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर, दिवाकर ही आठ मंडळी एकत्र आली. रविवारच्या चहाला जमायचे, एकमेकांचे लेखन तपासायचे आणि मंडळाच्याच नावाने पुस्तक काढायचे. ‘किरण’ हा त्यांचा पहिला संग्रह त्याच वर्षीचा. त्यांना एक सोय होती: चहा संपल्यावर प्रूफ पाहायला छापखान्यापर्यंत चालत जाता येई. त्याच १९२३ साली अमरावतीत विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला. पुढे नागपूरला गेलेल्या या संघाने ‘युगवाणी’ चालवून विदर्भातल्या लेखकांना आपल्याच मुलखात छापले जाण्याची सोय केली.

छापखान्याला पूर्णपणे वळसा घालण्याचा प्रयोग झाला तो १९५४ पासून. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांच्या ‘शब्द’ या अनियतकालिकाचे अंक सायक्लोस्टाइलवर निघाले. मेणकागदावर मजकूर कोरायचा, रूळ फिरवायचा, प्रती वाटायच्या. खिळे नकोत, जुळारी नको, दराची घासाघीस नको. साठच्या दशकात लघुअनियतकालिकांनी हा मार्ग रुळवला. याच पिढीतल्या अशोक शहाण्यांनी पुढे ‘प्रास प्रकाशन’ काढले आणि १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ प्रसिद्ध केले. छपाईचे तंत्र स्वतः जाणणारा प्रकाशक मिळाला, की अक्षराचा आकार, समास, कागद यांवर लेखकाचा हात कसा चालतो, ते या पुस्तकांत दिसते. ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने १९७५ पासून वाचकांनाच हाताशी धरले, दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ (१९८०) त्याच चळवळीतून वाचकांपर्यंत गेले.

त्यानंतर संगणक आला. ‘श्रीलिपी’सारख्या प्रणाली तालुक्याच्या गावातल्या डीटीपीच्या दुकानात पोहोचल्या आणि खिळ्यांचे खण भंगारात गेले. ऑफसेटला प्लेट लागते. ती एकदा बनली, की कागद सोडला तर दोनशे आणि हजार प्रतींच्या छपाईच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. म्हणून संग्रह काढणारे नको तितक्या प्रती काढत आणि गठ्ठे घरी माळ्यावर ठेवत. डिजिटल छपाईने पन्नास प्रतींचीही सोय केली, मात्र एका प्रतीचा दर वर गेला. आता निवड या दोन गणितांत करायची असते: प्रती तीन-चारशेच्या वर विकण्याची खात्री असेल तर ऑफसेट, नाही तर डिजिटल.

नवे घोटाळेही आले. गटातल्या एकाने मोबाइलवर युनिकोडमध्ये टंकलेली कथा, दुसऱ्याची श्रीलिपीतली, तिसऱ्याची वहीतली. एका साच्यात ओतताना जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो, वेलांट्या उलट्या होतात. जुना जुळारी प्रत्येक अक्षर चिमटीत धरून बसवत असे, त्यामुळे कथा आपोआप एकदा वाचली जाई. आज फाइल प्लेटवर जाईपर्यंत छापखान्यात मजकूर कोणी वाचतोच असे नाही. म्हणून दर विचारण्याबरोबर दोन गोष्टी मागून घेणे जाणती मंडळी सोडत नाहीत: त्याच कागदावर छापलेला एक फर्मा आणि बांधलेली एक नमुना प्रत. कागद सत्तर जीएसएमचा आहे की पंचावन्नचा, मागची छपाई पुढे दिसते का, पुस्तक पूर्ण उघडल्यावर कणा तडकतो का, हे दरपत्रकावरून कळत नाही.

कायद्याची पकडही सैल झाली आहे. १८६७ च्या कायद्याची जागा घेणारा २०२३ चा कायदा मार्च २०२४ पासून लागू झाला. तो नियतकालिकांपुरता आहे, पुस्तके त्याच्या बाहेर आहेत. मुद्रकाची ओळ तरीही पुस्तकांवर छापली जाते, सवयीने. १९५४ चा पुस्तके पाठवण्याचा कायदा मात्र कायम आहे. त्यानुसार बोरी अरबला पदरच्या पैशाने काढलेल्या कथासंग्रहाचीही एक प्रत प्रसिद्धीपासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना पाठवायची असते, आणि तो टपालखर्चही संग्रह काढणाऱ्यांनीच सोसायचा असतो.